सुराबायातले मराठी जवान आणि इंडोनेशियाचे स्वातंत्र्ययुद्ध



आपल्या स्वातंत्र्यलढ्याविषयी या व्यासपीठावरून अनेकांचे बोलून झाले आहे. मी आज एका शेजाऱ्याच्या लढ्याविषयी बोलणार आहे. शेजारी म्हणायचे कारण साधे आहे. निकोबारच्या दक्षिण टोकापासून इंडोनेशियाचा सुमात्रा दोनशे किलोमीटरही दूर नाही. या देशाने १९४५ ते १९४९ अशी चार वर्षे युद्ध करून डचांकडून स्वातंत्र्य घेतले आणि त्या युद्धातल्या पहिल्याच मोठ्या लढाईत आपले मराठी जवान उभे होते. कोणाच्या बाजूने, ते पुढे सांगतो.

जुलूम असह्य झाला की लोक शस्त्र उचलतात, असे आपण सहज म्हणून जातो. मला हे उत्तर अपुरे वाटते. जावा बेटावर जुलूम शंभर वर्षे आधीही असह्यच होता. राजपुत्र दिपोनेगोरो १८२५ पासून पाच वर्षे डचांशी लढला. सुमारे दोन लाख जावानी माणसे त्या युद्धात गेली. शेवटी १८३० मध्ये मागेलांगला बोलणी करायला म्हणून त्याला बोलावले आणि तिथेच पकडले. त्याच वर्षी डचांनी सक्तीच्या लागवडीची पद्धत आणली. गावाने आपल्या जमिनीचा पाचवा हिस्सा ऊस, कॉफी, नीळ अशा सरकारी पिकांना द्यायचा, असे कागदावर ठरले होते. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी जमीन जास्त गेली आणि भाताच्या हंगामातले मनुष्यबळही गेले. १८४० च्या दशकात मध्य जावात, जिथे जमीन काळीभोर आणि पाऊस भरपूर, तिथे माणसे भुकेने मेली. इकडे हॉलंडच्या तिजोरीत वसाहतीतली शिल्लक दरवर्षी उघडपणे जमा होत होती. हिंदुस्थानातून संपत्ती कशी वाहून जाते हे दाखवायला दादाभाई नौरोजींना आकड्यांशी आयुष्यभर झगडावे लागले. डचांनी ती गोष्ट लपवलीसुद्धा नव्हती.

इतके होऊनही तेव्हा इंडोनेशिया नावाच्या राष्ट्राचे युद्ध झाले नाही, कारण ते राष्ट्र अजून लोकांच्या मनात उभे राहिले नव्हते. दिपोनेगोरोचे युद्ध जावाचे होते. सुमात्रातल्या अचेमध्ये पुढे तीसेक वर्षे जे युद्ध चालले ते अचेचे होते. डच एकेकाला वेगळे गाठत गेले.

राष्ट्र मनात उभे राहायला शाळा लागल्या, वर्तमानपत्रे लागली. १९०८ मध्ये बटाव्हियाच्या, म्हणजे आजच्या जाकार्ताच्या, वैद्यकीय शाळेतल्या विद्यार्थ्यांनी ‘बुदी उतोमो’ ही संस्था काढली. १९१२ मध्ये बाटिक कापडाच्या व्यापाऱ्यांच्या संघटनेतून ‘सारेकात इस्लाम’ उभी राहिली आणि बघता बघता लाखो सभासदांची झाली. १९१३ साली जे घडले ते मात्र मला जरा सविस्तर सांगायचे आहे.

नेपोलियनच्या फ्रान्सच्या तावडीतून हॉलंड सुटले त्याला त्या वर्षी शंभर वर्षे होत होती. डचांनी तो उत्सव वसाहतीतही करायचे ठरवले आणि त्यासाठी वर्गणी गोळा करायला घेतली. देशी लोकांकडूनही! सुवार्दी सुर्यानिंग्रात हा चोवीस वर्षांचा तरुण पत्रकार. त्याने डच भाषेत एक लेख लिहिला. मी डच असतो तर काय केले असते, एवढाच त्याचा विषय. ज्यांचे स्वातंत्र्य आपण हिरावून घेतले त्यांच्या अंगणात आपल्या स्वातंत्र्याचा उत्सव मी केला नसता, आणि त्यांच्याकडे वर्गणी तर कधीच मागितली नसती, असा त्या लेखाचा आशय होता. त्यात कुठे बंडाची हाक नव्हती. सरकारने त्याला आणि त्याच्या दोन सहकाऱ्यांना हद्दपार केले. त्या वेळी आपले लोकमान्य ‘केसरी’तल्या लेखांपायी मंडालेच्या तुरुंगात होते, हे इथे आठवल्याशिवाय राहत नाही. परत आल्यावर सुवार्दीने १९२२ मध्ये योग्यकार्तात ‘तामान सिस्वा’ ही राष्ट्रीय शाळा काढली. आज इंडोनेशिया त्याला की हाजार देवांतारा या नावाने ओळखतो आणि त्याचा जन्मदिवस शिक्षणदिन म्हणून पाळतो.

१९२८ च्या ऑक्टोबरमध्ये बेटाबेटांवरून आलेल्या तरुणांनी एक मातृभूमी, एक राष्ट्र, एक भाषा अशी शपथ घेतली. सर्वांत मोठा समाज जावानी बोलणारा होता. तरीही भाषा निवडली ती मलाय, बंदराबंदरांतल्या बाजाराची. मोठ्या समाजाने मागे सरून लहानांना जागा द्यायची, याचे इतके मोठे उदाहरण मला दुसरे माहीत नाही. भाषावार प्रांतरचनेचे झगडे पाहिलेल्या आपण महाराष्ट्रीयांनी तर ते मुद्दाम अभ्यासावे.

आता राष्ट्र होते, पुढारी होते आणि ते पुढारी बोलायला तयार होते. सुकार्नो इंजिनिअर, हात्ता अर्थशास्त्राचा पदवीधर, शाहरीर कायद्याचा विद्यार्थी. सुकार्नोने १९३० मध्ये बांडुंगच्या न्यायालयात केलेले बचावाचे भाषण म्हणजे साम्राज्यशाहीवरचा निबंध आहे. डचांनी या तिघांनाही तुरुंगात आणि हद्दपारीत टाकले. १९३६ मध्ये सुतार्जो नावाच्या एका मवाळ सभासदाने ‘फोल्क्सराड’ या सल्लागार सभागृहात ठराव मांडला. दहा वर्षांच्या मुदतीत, डच राजसत्तेच्या छत्राखालीच, आम्हाला स्वशासन द्या. त्यासाठी परिषद बोलवा. बस, एवढेच. सभागृहाने ठराव मंजूर केला. हेगच्या सरकारने दोन वर्षांनी तो फेटाळला.

माझ्या मते इंडोनेशियाचे युद्ध त्या नकारात सुरू झाले. ज्या दिवशी मवाळ माणूस रिकाम्या हाताने परत येतो, त्या दिवसापासून तरुण त्याचे ऐकेनासे होतात.

पुढे जपान आला. मार्च १९४२ मध्ये डचांनी आठवडाभरात शरणागती पत्करली आणि गोऱ्या सत्तेचा दरारा कायमचा गेला. जपानचे राज्य दयाळू नव्हते. लाखो जावानी वेठबिगारीला जुंपले गेले, शेवटच्या दोन वर्षांत भीषण दुष्काळ पडला. पण जपान्यांनी हजारो तरुणांना बंदूक चालवायला शिकवले. जपान शरण गेल्यावर दोनच दिवसांनी, १७ ऑगस्ट १९४५ रोजी, सुकार्नो आणि हात्ता यांनी जाकार्तात स्वातंत्र्य जाहीर केले. डचांच्या लेखी मात्र त्या घोषणेला काडीची किंमत नव्हती. त्यांना आपली वसाहत परत हवी होती, आणि त्यांच्याकडे सैन्य नव्हते. सैन्य ब्रिटिशांकडे होते, म्हणजे पर्यायाने हिंदुस्थानकडे.

२५ ऑक्टोबर १९४५ रोजी पूर्व जावातल्या सुराबाया बंदरात ४९ वी भारतीय ब्रिगेड उतरली. तिच्यात मराठा लाईट इन्फन्ट्रीच्या दोन पलटणी होत्या, चौथी आणि सहावी. यातल्या चौथ्या पलटणीने आदल्या वर्षी मणिपूरमधल्या सांगशाकला जपान्यांशी झुंज दिली होती. महायुद्ध संपले होते, जवानांना घरची ओढ लागली होती. शरण आलेल्या जपान्यांची हत्यारे काढून घ्यायची आणि जपान्यांनी छावण्यांत डांबलेल्या गोऱ्या बायकामुलांना सोडवायचे, एवढे काम त्यांना सांगितले होते.

ब्रिगेडचे प्रमुख ब्रिगेडियर मॅलबी यांनी गावातल्या पुढाऱ्यांशी समझोता केला होता की इंडोनेशियन लोकांची हत्यारे त्यांच्याकडेच राहतील. दुसऱ्याच दिवशी, २७ तारखेला, वरिष्ठांच्या हुकमाने विमानातून पत्रके पडली : हत्यारे खाली ठेवा, नाहीतर गोळी घालू. शब्द दिलेला मोडला गेला, आणि तोही आकाशातून! २८ तारखेला सारे शहर उठले. शाळकरी पोरांपासून मशिदीतल्या मौलवींपर्यंत सगळे रस्त्यावर आले. सुतोमो हा तरुण रेडिओवरून त्यांना हाक देत होता. शहरभर लहान लहान तुकड्यांनी विखुरलेले जवान घेरले गेले आणि अनेक तुकड्या शेवटच्या माणसापर्यंत कापल्या गेल्या. ३० तारखेला इंटरनॅशिओ इमारतीपाशी मॅलबी मारले गेले. आत मराठा पलटणीची एक तुकडी अडकलेली होती. १० नोव्हेंबरला पाचवी भारतीय डिव्हिजन तोफा, रणगाडे आणि विमाने घेऊन शहरावर तुटून पडली. तीन आठवडे लढाई चालली, हजारो नागरिक मेले. तो १० नोव्हेंबर इंडोनेशियाचा वीरदिन आहे.

आपल्या जवानांना मी दोष देत नाही. हुकूम त्यांचा नव्हता, राज्य त्यांचे नव्हते. दोन गुलाम देशांची पोरे एकमेकांवर गोळ्या झाडत होती आणि दोघांचे मालक दुसरेच होते. काही भारतीय सैनिक, बहुतेक मुसलमान, हत्यारांसह इंडोनेशियन प्रजासत्ताकाला जाऊन मिळाले. फेब्रुवारी १९४६ मध्ये मुंबईच्या बंदरात नाविकांनी बंड केले, तेव्हा त्यांच्या मागण्यांत अन्नाच्या तक्रारीबरोबर इंडोनेशियातून भारतीय फौजा परत बोलवा ही मागणीही होती. आपल्या नाविक बंडाची गोष्ट सांगताना ही ओळ गाळली जाते, याचे मला वाईट वाटते.

पुढचा भाग तुम्हाला ठाऊक असेल. करार झाले, मोडले. जुलै १९४७ आणि डिसेंबर १९४८ मध्ये डचांनी दोनदा मोठे हल्ले केले आणि त्यांना ‘पोलीस कारवाई’ म्हटले. क्षयाने खंगलेले सेनापती सुदिर्मान पालखीसारख्या खुर्चीतून डोंगरांत फिरत गनिमी युद्ध चालवत राहिले. बिजू पटनाईकांनी आपल्या डाकोटा विमानातून शाहरीरना दिल्लीला आणले. जानेवारी १९४९ मध्ये नेहरूंनी दिल्लीत या प्रश्नावर राष्ट्रांची परिषद भरवली. २७ डिसेंबर १९४९ रोजी डचांनी सत्ता सोडली, पण वसाहत सरकारचे अब्जावधी गिल्डरांचे कर्ज नव्या देशाच्या माथी मारूनच. महिन्याभरात, आपल्या पहिल्या प्रजासत्ताकदिनाला, सुकार्नो प्रमुख पाहुणे म्हणून दिल्लीत होते.

एक विनंती करून थांबतो. मराठा पलटणींतले जवान सातारा, कोल्हापूर, बेळगाव, रत्नागिरीकडच्या गावांतले असत. तुमच्या घरात, गावात कोणी आजोबा-पणजोबा १९४५-४६ साली जावात होते का, एवढी चौकशी करा. पत्रे, पदके, फोटो, पेन्शनची कागदपत्रे, ऐकलेल्या आठवणी, जे हाती लागेल ते लिहून काढा आणि जवळच्या ग्रंथालयाकडे द्या. सुराबायाच्या लोकांनी आपली बाजू जपून ठेवली आहे. आपली बाजू अजून लिहायची राहिली आहे.