तपासणी आणि निकाल एकाच दिवशी
(मंडळाच्या महिला मेळाव्यातील भाषण, बंगळूर)

बंधूंनी चहाला उठू नये, हे त्यांच्यासाठीही आहे.

विषय गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा. तीस वर्षे मी प्रयोगशाळेत काचपट्ट्या तपासल्या. पॅप चाचणी चांगलीच. पण नमुना आज आणि अहवाल पंधरा दिवसांनी. रोजंदारीवरची बाई त्यासाठी दुसरा खाडा करत नाही. न नेलेल्या अहवालांचा गठ्ठा आमच्या कपाटात पडून असे. त्यांतले काही वाईट असत.

मुंबईत टाटा रुग्णालयाने यावर साधा उपाय करून पाहिला. १९९८ पासून वस्त्यांतील सुमारे दीड लाख स्त्रियांचा अभ्यास झाला. व्हिनेगारमधले आम्ल सौम्य करून गर्भाशयमुखाला लावायचे. बिघडलेला भाग मिनिटभरात पांढरा दिसतो. पाहणाऱ्या डॉक्टर नव्हत्या, शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविका होत्या. २०१३ साली निकाल जाहीर झाला : या रोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी!

तरी डोळ्यांना मर्यादा असतेच. रोगाचे मूळ असलेला एचपीव्ही विषाणू शोधणे अधिक खात्रीचे. उस्मानाबाद (आताचे धाराशिव) जिल्ह्यातील अभ्यासात या चाचणीच्या एकाच फेरीने मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले, हे २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. पण तेव्हा त्यासाठी मोठी प्रयोगशाळा लागे. आता ते काम टेबलावर मावते. गोव्याच्या मोलबायो कंपनीचे ट्रूनॅट यंत्र क्षयरोगासाठी खेडोपाडी गेलेच आहे, बॅटरीवर चालते. त्याच यंत्रावर एचपीव्ही चाचणीही होते. साधारण तासाभरात उत्तर! म्हणजे बाई अजून बाकावर बसलेली असतानाच. संकोच वाटणाऱ्यांनी नमुना स्वतः घेतला तरी चालतो. जागतिक आरोग्य संघटनेचीही त्याला मान्यता आहे.

पॉझिटिव्ह आले म्हणजे कर्करोग झाला असे मुळीच नाही. बहुतेकींचा विषाणू आपोआप जातो. पुढची तपासणी मात्र टाळू नये. कर्करोगापूर्वीचा डाग असेल तर तो उष्णतेने जाळता येतो, बहुधा भूल न देता, काही मिनिटांत.

येत्या रविवारी दहा वाजल्यापासून सभागृहात शिबिराची नोंदणी आहे. तिशीपुढच्या भगिनींनी नावे द्यावीत. घरी कामाला येणाऱ्या बाईंनाही सोबत आणावे, आणि त्या दिवसाचा त्यांचा पगार कापू नये.