आज्ञेचा भार

विठ्ठलपंतांनी पत्नीस मागे ठेवून काशीस संन्यास घेतला. हे कळताच गुरूंनी त्यांना आळंदीस परतून संसार करण्याची आज्ञा केली, अशी परंपरा आहे. परतावे तर शास्त्र मोडते, न परतावे तर गुरुवचन मोडते. पंत परतले. समाजाने कुटुंब वाळीत टाकले, मुलांची मुंज नाकारली. अखेर मुलांसाठी पतिपत्नींनी देहान्त प्रायश्चित्त स्वीकारले.

पुढे शके १२१२ मध्ये ज्ञानदेवांनी ज्ञानेश्वरी सांगितली आणि शेवटी साऱ्या विश्वासाठी प्रसाद मागितला. ते ऐकायला विठ्ठलपंत नव्हते. आपला निर्णय योग्य ठरला की नाही, हे त्यांना कधीच कळले नाही.

पालकहो, आपण शिरोधार्य मानलेल्या कर्तव्याचे मोल पुष्कळदा आपली मुले चुकवतात. कर्तव्य सोडू नये. पण त्या मुलांकडे पाहून मगच पाऊल उचलावे.