मोटारीचा डोल आणि तोल

शहरांतील सुशिक्षित कुटुंबांत मोटार ही आतां नवलाई राहिलेली नाहीं. परंतु तिच्या पोटाखालीं काय असतें याचा विचार बहुतेक घरांत गाडी खडखडूं लागल्यावरच होतो. हौशी तरुणांचें मात्र तसें नसतें. ठाणें पूर्वेस कोपरींत राहणारा, चांगल्या नोकरीवर असलेला एखादा तरुण घ्या. त्याच्यापाशीं चाकणच्या कारखान्यांत तयार झालेली फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय आहे. २०१३ सालीं बाजारांत आलेल्या ह्या गाडीचें एंजिन अवघें १.२ लिटरचें, पण बळ १०५ अश्वशक्तीचें. पोलोचें भारतांतील उत्पादन २०२२ सालीं थांबलें, तरी शोकीन लोक आपल्या जुन्या गाड्या जपून आहेत. सुटीच्या दिवशीं पहाटेस निघून बोरघाट चढावा, ही त्याची आवड. वळणावर गाडी बाहेरच्या अंगास कलते, हें त्यास खुपतें. आणि जाड स्टॅबिलायझर रॉड व ताठ स्प्रिंगा बसविण्याचा बेत तो घरांत बोलून दाखवितो. ह्या खर्चानें गाडी सुरक्षित होईल कीं नुसती कडक होईल, असा प्रश्न घरच्या मंडळींस पडला तर तो अगदीं रास्त होय.

मोटारीचें वजन स्प्रिंगांच्या मार्फत चारी चाकांवर टेकलेलें असतें. खड्डा आला कीं स्प्रिंग दबते व उलगडते, आणि धक्क्याचा मोठा भाग आंतल्या माणसांपर्यंत पोंचत नाहीं. पण मोकळी सोडलेली स्प्रिंग झोपाळ्यासारखी हालतच राहील. तिला आवरण्याचें काम शॉक ॲब्सॉर्बर, म्हणजे कारागिरांच्या बोलींतला शॉकअब, करतो. त्याच्या नळींतील तेल बारीक वाटांतून ढकललें जातें आणि हालचालीचा जोर उष्णतेच्या रूपानें खर्ची पडतो.

स्टॅबिलायझर रॉड ही पोलादाची एक कांब असते. तिचा मधला भाग रबरी बुशांत धरून गाडीच्या सांगाड्यास बसविलेला असतो. दोन्ही टोकें वांकवून डाव्या व उजव्या चाकांच्या जोडणीस अडकविलेलीं असतात. दोन्ही चाकें एकदम वर उचललीं गेलीं तर कांब बुशांत नुसती फिरते. एक वर व दुसरें खालीं गेलें, म्हणजे मात्र तिला पीळ बसतो आणि ती त्यास विरोध करते. वळणावर नेमकें हेंच घडतें. हा विरोध कांबेच्या व्यासाच्या चतुर्थ घाताच्या प्रमाणांत वाढतो. बाकी मापें तींच ठेवून २० मिलिमीटरच्या जागीं २२ मिलिमीटरची कांब घातली, तर जाडी दहाच टक्के वाढते. ताठपणा मात्र सुमारें ४६ टक्क्यांनीं वाढतो.

येथें एक गैरसमज दूर केला पाहिजे. गाडी कलली नाहीं म्हणजे तिचा भार बाहेरच्या चाकांवर गेला नाहीं, असें नव्हे. तो किती जावा हें गाडीचा वेग, वळणाची त्रिज्या, गुरुत्वमध्याची उंची आणि चाकांमधील रुंदी यांवर ठरतें. वेग दुप्पट झाला कीं बाहेर लोटणारा जोर चौपट होतो. कांब हा भार जवळजवळ कमी करीत नाहीं. पुढच्या जोडीनें किती सोसावा व मागच्या जोडीनें किती, एवढीच वांटणी ती बदलते. टायरवरील भार दुप्पट केला तरी त्याची पकड दुपटीहून थोडी कमीच वाढते. म्हणून ज्या जोडींत असमान भार अधिक, त्या जोडीची एकंदर पकड घटते. पुढें जाड कांब घातली तर गाडी वळावयास कुरकुरते व बाहेर सरकूं पाहते. मागें घातली तर ती चटकन् वळते, पण मागची बाजू निसटण्याचें भय वाढतें.

पोलोच्या मागील चाकांस जोडणारी तुळई स्वतःच पिळली जाऊन कांहीं अंशीं ह्या कांबेचें काम करते. तिच्यावर आणखी जाड कांब चढविल्यास कोरड्या रस्त्यावर मौज वाटते. परंतु आषाढांतल्या पावसांत, घाटाच्या वळणावर घाबरून एकाएकीं ॲक्सिलरेटरवरून पाय काढला, कीं भार पुढें धांवतो, मागचीं चाकें हलकीं होतात आणि गाडी गरकन् फिरूं शकते. रोज गाडी चालविणाऱ्या गृहस्थास हा धोका पत्करण्याचें कारण नाहीं.

आंखूड स्प्रिंगांचीही तीच गत. गाडी बसकी केली कीं गुरुत्वमध्य खालीं येतो, हा खरा लाभ. पण चाकास वर जाण्यास जागा उरत नाहीं. कोपरीच्या पुलाचे सांधे, गल्लोगल्लींचे गतिरोधक आणि पावसाळ्यांतील खड्डे यांवर ती सारखी आदळते, आणि उसळलेलें टायर रस्ता सोडतें. ताठ कांबेमुळें एका चाकाचा धक्का दुसऱ्याही चाकास जाणवतो. शर्यतीचें मैदान गुळगुळीत असतें. ठाण्याचा रस्ता तसा नसतो.

तेव्हां क्रम असा असावा. प्रथम चांगलीं टायरें व त्यांत योग्य हवा. नंतर फाटलेले बुश व झिजलेल्या लिंक बदलाव्या. मग तेल गळणारे शॉकअब जोडीनें नवे घालावे. पुष्कळदां जुन्या गाडीचा डोल एवढ्यानेंच ओसरतो. त्यानंतरही हौस उरली, तर स्प्रिंगेस साजेसे शॉकअब घेऊन एका वेळीं एकच फेरफार करावा आणि चाकांची अलाइनमेंट तपासून घ्यावी. मोटार वाहन कायदा, १९८८ याचें ५२ वें कलमही ध्यानांत ठेवावें. नोंदणीपत्रांतील तपशील उत्पादकानें मूळ ठरविलेल्या तपशिलाहून भिन्न होईल असा बदल करण्यास त्यानें मनाई केली आहे, आणि २०१९ सालीं सर्वोच्च न्यायालयानेंही हें बंधन उचलून धरलें. म्हणून काम हातीं घेण्यापूर्वीं परिवहन कार्यालयांत व विमा कंपनींत चौकशी करावी. डोल थोडा राहिला तरी चालेल. वेग किती ठेवावा याची तो सूचनाच देत असतो.