दत्तक मांजर



दत्तक म्हटले की आपल्याकडे वतन, वाडा आणि भाऊबंदकी आठवते. मांजर दत्तक घेणे हा विषय पत्रिकेत वाचून कुणाला हसू आले असेल, तर आमची तक्रार नाही. काही वर्षांपूर्वी आम्हीही हसलोच असतो.

आमच्या घरी गल्लीतली एक भाटी राहू लागली. करड्या रंगाची, आखूड केसांची, कुठल्याही धान्याच्या दुकानात दिसावी तशी. घर माळकरी. तिला आम्ही दूध-पोळीवर वाढवले आणि कुत्र्यांच्या भीतीने दाराबाहेर जाऊ दिले नाही. प्रेमात काही कमी केले नाही, असे आम्हांला वाटत होते. पुढे ती भिंतीला धडकू लागली. डॉक्टरांनी डोळे तपासून पहिला प्रश्न विचारला, "खायला काय देता?"

टॉरिन नावाचे एक द्रव्य आहे. माणसाचे शरीर ते स्वतः तयार करते, मांजराला ते पुरेसे करता येत नाही. ते तिला मांसातून, मासळीतूनच मिळते. ते न मिळाल्यास डोळ्याचा पडदा झिजतो, हृदय दुबळे होते, आणि गेलेली दृष्टी परत येत नाही. दारासमोरच्या उकिरड्यावर उंदीर धरणारी मांजर आमच्या लाडक्या मांजरीपेक्षा बरे जेवत होती! दूध तर पुष्कळशा मोठ्या मांजरांना पचतही नाही. ती भाटी आमच्या हातून गेली. हा दोष आमचाच.

दुसरी मांजर आम्ही लातुराहून आणली. टाकून दिलेली पिल्ले घरी सांभाळणाऱ्या एक बाई होत्या. त्यांनी आम्हांला मुलगी देताना विचारावेत इतके प्रश्न विचारले: गच्चीला कठडा आहे काय, गावाला गेलात तर कोण बघेल, लस टोचाल काय, नसबंदी कराल काय? शेवटचे तर लिहून घेतले. फुकटच्या मांजरासाठी एवढा थाट कशाला, असे आम्ही मनात म्हणालो. पण हिशेब करून पाहा. भाटी चार-पाच महिन्यांची होताच गाभण राहू शकते, आणि नऊ आठवड्यांत विते. मांजर पिल्लांना सात घरे फिरवते म्हणतात. आठव्या घरी माणूस ती पोत्यात घालून गावाबाहेर सोडतो.

असे सोडणे गुन्हा आहे, हे किती जणांना ठाऊक आहे? राज्यसभेत रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी हा प्रश्न लावून धरला, आणि १९६० साली प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा झाला. प्राण्याची उपासमार होईल अशा रीतीने त्याला विनाकारण टाकून देणे त्यात बसते. पहिल्या गुन्ह्यास दंड मात्र जास्तीत जास्त ५० रुपये. आज तेवढ्यात पोतेसुद्धा धड येत नाही.

लांब केसांची विलायती मांजरे हजारो रुपयांना विकत घेणारे आता आपल्याकडेही आहेत. मराठवाड्याच्या वैशाखात त्या केसाळ जिवांचे काय होत असेल, ते त्यांनाच ठाऊक. आपली देशी मांजर या उन्हाला सरावलेली असते. तिला लागते थोडे: सावली, पाणी, मांस किंवा मांजराचे तयार खाद्य, आठ आठवड्यांनंतर लसी, पुढे रेबीजची लस. माणसाची तापाची गोळी मात्र चुकूनही देऊ नये. पॅरासिटामॉल मांजराला विष आहे. शंका आली तर शेजारी उदगीरला पशुवैद्यक महाविद्यालय आहे.

राहिला प्रश्न माळेचा. मातुःश्री आठ दिवस आमच्याशी बोलल्या नाहीत. मग त्यांनी मांजरीची वाटी स्वयंपाकघरातून उचलून मागल्या अंगणात लिंबाखाली नेऊन ठेवली, आणि म्हणाल्या, "इथं घाला. मी तिकडं बघणार नाही." संध्याकाळी वाटी भरायची राहिली, तर आठवण त्याच करतात.