सूडाचा चित्रपट आणि आपला प्रश्न
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला चित्रपटावर बोलायला सांगितले, म्हणून आपल्यापैकी पुष्कळजणींनी पाहिलेला ‘जवान’ मी निवडला. हा हिंदी चित्रपट ७ सप्टेंबर २०२३ रोजी आला. दिग्दर्शक अ‍ॅटली, बाप आणि मुलगा या दोन्ही भूमिका शाहरुख खानच्या. लांबी १६९ मिनिटे, म्हणजे पावणेतीन तासांहून थोडी जास्तच.

फार लांबला, असे पुष्कळजणी म्हणतात. पण नुसती लांबी हा दोष नव्हे. आपल्या या तुळजाभवानीच्या मुलुखात गोंधळ रात्रभर चालतो. संबळ वाजत असते, दिवटी जळत असते, आणि कथेत जीव असला की मांडीवरचे पोर झोपले तरी बाई उठत नाही. प्रश्न एवढाच, की वेळ कशावर खर्च केला.

या चित्रपटात कर्ज थकलेल्या एका शेतकऱ्याची गोष्ट आहे. ट्रॅक्टरच्या कर्जापायी त्याची अब्रू जाते आणि तो गळफास घेतो. त्याची मुलगी हे सारे पाहते. तो भाग सावकाश चालतो आणि म्हणूनच काळजाला भिडतो. आपल्या जिल्ह्यात असे कपाळ पुसले गेलेल्या बायका आपल्या ओळखीच्या आहेत. तिथे थिएटरात कुणाचे डोळे कोरडे राहतील? प्राणवायूवाचून दगावलेल्या मुलांची गोष्टही अशीच.

पुढे मात्र गाणी, मारामाऱ्या आणि बापाचा जुना सूड यांची गर्दी होते. जात्यात मूठमूठ दाणे घातले तर पीठ बारीक येते. ओंजळीने लोटले तर भरडा पडतो. उत्तरार्धात तसेच झाले आहे. मतदानाआधी पुढाऱ्याला प्रश्न विचारा, हा खरा उपदेश अगदी शेवटी येतो. तोवर खलनायकाला मार बसताना पाहून आपला राग निम्मा निवून गेलेला असतो.

माझे म्हणणे इथेच आहे. नायक मुंबईची मेट्रो ताब्यात घेतो आणि शेतकऱ्यांची कर्जे फिटतात. मंत्र्याला ताब्यात घेतो आणि सरकारी दवाखाने काही तासांत सुधारतात. खऱ्या संसारात मात्र नवरा गेल्यावर बाईला प्रकरण पात्र की अपात्र हे ठरेपर्यंत कचेरीच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात. तिच्यासाठी बंदूकवाला कुणी येत नाही, आणि येऊही नये. सूडाला एक दुपार पुरते. हक्काच्या कामाला वर्षे लागतात.

याच जातीचा आपला मराठी चित्रपट म्हणजे डॉ. जब्बार पटेलांचा ‘सामना’. विजय तेंडुलकरांनी लिहिलेला हा चित्रपट १९७५ साली बर्लिनच्या महोत्सवात गेला होता. त्यात निळू फुले साखर कारखान्याचे बडे पुढारी आणि डॉ. श्रीराम लागू व्यसनाधीन मास्तर. मास्तर हातात शस्त्र घेत नाही. मारुती कांबळेचे काय झाले, एवढेच पुन्हा पुन्हा विचारत राहतो. गती संथ, पण त्या एका प्रश्नाने सत्तेच्या माणसाची झोप उडते. कारखान्याच्या भोंग्यावर जगणाऱ्या आपल्या भागाला हे समजावून सांगायला नको.

भगिनींनो, ‘जवान’ने शेवटी सांगितले ते ‘सामना’ने आरंभापासून केले. आपल्यालाही ते करता येईल. ग्रामसभेच्या आधी बायकांची सभा घ्यावी, असा कायदा आहे. २०११ पासून पंचायतीत निम्म्या जागा आपल्या आहेत. त्या सभेला आपण किती जातो? गेलो तर बोलतो किती? सही मात्र करून येतो.

पुढच्या सभेला आपण पाच-सातजणींनी मिळून जावे आणि दवाखान्यात औषध का नाही, एवढे एकच विचारावे. उत्तर मिळाले नाही तर त्याच्या पुढच्या सभेला पुन्हा तेच विचारावे. टाळ्या पडणार नाहीत, गाणे वाजणार नाही. पण प्रश्न वहीत लिहिला जाईल, आणि लिहिलेले सहजी पुसता येत नाही.