जपानात आम्ही अंगठेबहाद्दर

(बुटीबोरी येथील रात्रीच्या वर्गात झालेले भाषण)



जपान आपल्याला अगदीच परका नाही बरं का. आपल्या बुटीबोरीवरून जो रस्ता वर्ध्याला जातो, त्या वर्ध्याला १९३३ साली फूजी गुरुजी नावाचे जपानी भिक्षू गांधीजींना भेटायला आले. त्यांचा मंत्र सेवाग्रामच्या प्रार्थनेत अजून म्हणतात. इकडे कामठीला जपानच्या ओगावा सोसायटीच्या मदतीने १९९९ साली ड्रॅगन पॅलेस हे बुद्धविहार झाले. ते तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल.

आमचा मुलगा टोकियोत नोकरीला आहे. त्याने तिकिटे काढली, म्हणून २०२३ साली दिवाळी झाल्यावर आम्ही उभयता तिकडे गेलो. नाहीतर एवढा पैसा आम्ही कुठून आणणार?

मुलगा सकाळी कामावर जाई. मग दिवसभर आम्ही दोघेच. जिकडे पाहावे तिकडे पाट्या, आणि एकीचेही अक्षर लागत नाही! मोठ्या स्टेशनांवर इंग्रजी नावे असतात, पण गल्लीत शिरले की तीही संपतात. आमच्यातल्या मास्तरांनी तीस वर्षे फळ्यावर लिहिले. मास्तरीणबाईंनी पंचेचाळिसाव्या वर्षी याच वर्गात पाटी हातात धरली. जपानात दोघेही सारखेच अंगठेबहाद्दर.

तिथली माणसे मात्र मोठी रीतीची. घरात शिरताना जोडे दाराशी काढायचे, ही तर आपलीच चाल. पण संडासात जायच्या चपला वेगळ्या, आणि त्या तिथेच ठेवायच्या. सार्वजनिक स्नानगृहात आधी बाहेर बसून अंग घासून धुवायचे, मगच गरम पाण्याच्या हौदात उतरायचे. पाणी सगळ्यांचे आहे ना! शाळेत वर्ग मुलेच झाडतात, फडकी मारतात. रस्त्यावर कचरापेटी क्वचितच दिसते. केळ्याची साल खिशात घालून घरी आणावी लागते. खेड्यात तर रस्त्याकडेला भाजी मांडलेली आणि शेजारी पैशाची डबी. दुकानदार नाही! आम्ही दोन मुळे घेतले, नाणे टाकले, आणि उगीचच चारदा मागे वळून पाहिले.

संत्रीही होती. तिकडे त्यांना मिकान म्हणतात. साल पटकन सुटते, गोडही लागतात. पण नागपुरी संत्र्याची ती आंबटगोड चव काही त्यांना नाही. हे आमचे मत. मुलाला मान्य नाही.

कोबे बंदर आम्ही मुद्दाम पाहिले. ज्या जमशेटजी टाटांनी १८७७ साली नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली, त्यांनीच जपानी कंपनीशी बोलणी करून १८९३ साली मुंबई ते कोबे अशी जहाजे चालू करायला मदत केली. जहाजांत काय जाई? आपल्या देशाचा कापूस.

तिथून हिरोशिमाला गेलो. ६ ऑगस्ट १९४५ रोजी सकाळी सव्वाआठला तिथे अणुबाँब पडला. शहर जळून गेले. आणि तीनच दिवसांनी एका भागात ट्रामगाडी पुन्हा सुरू झाली. आम्ही ट्राममध्ये बसलो तेव्हा फारसे बोललो नाही.

परतताना ओसाकात मुक्काम केला. रात्री मास्तरांच्या पोटात कळा येऊ लागल्या. मुलगा टोकियोत, फोन लागेना. मास्तरीणबाई एकट्या औषधाच्या दुकानात गेल्या. शेकडो डब्या! पोटाची कोणती, केसांना लावायची कोणती, काही कळेना. पूर्वी घरीही असेच होते. वाचता येत नव्हते, तेव्हा लाल बाटली तापाची, पांढरी पोटाची, अशी खूण होती. दुकानदाराने कंपनी बदलली की जीव घाबरा व्हायचा. वीस वर्षांनी तीच भीती परत अंगावर आली. त्यांनी पोट दाबून दाखवले. दुकानातल्या मुलीने एक डबी दिली आणि कागदावर चित्र काढले. उगवता सूर्य, डोक्यावरचा सूर्य, चंद्र. प्रत्येकाशेजारी भाताचा वाडगा, आणि वाडग्याच्या पुढे दोन गोळ्या. म्हणजे जेवणानंतर दोन. पहाटे मास्तरांना झोप लागली.

दुसऱ्या दिवशी बाईंनी मुलांच्या मुळाक्षरांचा तक्ता विकत घेतला. मुलाने तो वाचून दाखवला आणि आम्ही थक्क झालो. आ, इ, उ, ए, ओ. मग का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. ही तर आपलीच चाल! संस्कृत शिकलेल्या बौद्ध भिक्षूंमुळे हा क्रम तिकडे रुजला. अशी अक्षरे ४६, आणि ती दोन वळणांची. शिवाय चिनी चित्राक्षरे आहेत, ती नेहमीच्या वापरातली २१३६. त्यातली १०२६ मुले प्राथमिक शाळेच्या सहा वर्षांत शिकतात. आपली बाराखडी पाहून रडणाऱ्यांनी हे ऐकावे!

चित्राक्षरांच्या वाटेला आम्ही गेलो नाही. पण दहाव्या दिवशी बाई रस्त्यात थांबल्या. पाटीवर बोट ठेवून म्हणाल्या, "बा... सु. बासु. अहो, बस!" मास्तरांना अजून तेवढे जमत नव्हते.

तो तक्ता आम्ही आणला आहे. वर्ग सुटला की भिंतीवर लावतो. नागपूर लिहायचे तर ना-गु-पु-रु असे लिहावे लागते. ते बाई लिहून दाखवतील.