तपासण्या वाढल्या, आरोग्य सुधारलं का?



मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. आकड्यांचे तक्ते स्क्रीनवर मांडणं हे माझं रोजचं काम. तेवढ्याच हक्काने आज आरोग्य केंद्रांतल्या आकड्यांबद्दल बोलणार आहे.

२०१८च्या केंद्रीय अर्थसंकल्पात देशभर दीड लाख केंद्रांची घोषणा झाली. आपल्याकडे ती ‘आरोग्यवर्धिनी केंद्रं’ म्हणून ओळखली गेली. बाळंतपण आणि लसीकरणाच्या पुढे जाऊन तिशीनंतरच्या प्रत्येकाचा रक्तदाब आणि मधुमेह तपासायचा, उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी नेमायचा, अशी ही सुधारणा. हेतू चांगलाच आहे. पण ती यशस्वी झाली का, हे ठरवायचं कसं?

माझ्या अम्मीचंच सांगते. केंद्रात तिचा रक्तदाब तीनदा तपासला गेला. तिसऱ्या वेळी गोळ्या संपल्या होत्या. त्यानंतर ती गेलीच नाही. भिंतीवरच्या तक्त्यात तपासण्यांची संख्या होती. किती जणांचा रक्तदाब आटोक्यात आला, हे मात्र नव्हतं.

दुसरी अडचण तुलनेची. आम्ही सॉफ्टवेअरमधला बदल आधी थोड्या लोकांना देतो आणि बाकीच्यांशी ताडून बघतो. इथे योजना देशभर निघाली, मध्येच २०२० साली कोरोना आला, शिवाय इतर योजनाही चालूच होत्या. मग फरक पडला तर तो कशामुळे पडला, हे सांगणं कठीण होतं.

ही अडचण फक्त आपलीच नाही. ब्रिटनने २००४मध्ये फॅमिली डॉक्टरांच्या मिळकतीचा एक भाग गुणांशी जोडला. १४६ निकष आणि १०५० गुण. पहिल्याच वर्षी दवाखान्यांनी सरासरी नव्वद टक्क्यांहून जास्त गुण मिळवले! पण संशोधकांकडे आधीच्या वर्षांच्याही नोंदी होत्या. त्या पाहिल्यावर कळलं, की मधुमेह, दमा आणि हृदयविकाराचे उपचार आधीपासूनच सुधारत होते. दमा आणि मधुमेहात वेग काही काळ वाढला, पुढे तो मंदावला. दमा आणि हृदयविकारातल्या ज्या कामांना पैसे नव्हते, ती मागे पडली. स्कॉटलंडने २०१६मध्ये ही पद्धत बंदच केली. जुन्या नोंदी नसत्या, तर सगळं श्रेय गुणांनाच गेलं असतं.

म्हणून मित्रांनो, ग्रामसभेत किंवा जन आरोग्य समितीत बसाल तेव्हा चार प्रश्न विचारा. योजनेआधी काय स्थिती होती? औषध महिनाभर पुरलं का? किती जणांचा आजार आटोक्यात आला? आणि जे केंद्रात आलेच नाहीत, ते कोण? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर रजिस्टरमध्ये मिळणार नाही, त्यासाठी वस्तीत फिरावं लागेल.

हे प्रश्न योजनेच्या विरोधातले नाहीत. त्यांची उत्तरं मिळाली, तरच काय दुरुस्त करायचं ते कळेल.

अम्मी हल्ली गोळ्या मेडिकलमधून विकत आणते. केंद्राच्या तक्त्यात तिच्या तीन तपासण्या अजून यशातच मोजलेल्या आहेत.